सिल्वासाची मुक्ती आणि ग्राहकाची पारख

२ ऑगस्टला सिल्वासात मुक्तिदिन साजरा होतो. १९५४ साली याच तारखेला येथून पोर्तुगीजांचा अंमल उठला. त्या दिवशी आपण मुलांना स्वातंत्र्यसैनिकांची नावे सांगतो. सुधीर फडके म्हटले की मुलांना नाही तरी त्यांच्या आजी-आजोबांना गीतरामायण आठवते. बाबासाहेब पुरंदरे म्हटले की शिवचरित्र आठवते. राजा वाकणकर, नाना काजरेकर ही नावे जाणत्यांना ठाऊक असतात. एक नाव मात्र पुष्कळदा तसेच पुढे सरकते. ते नाव बिंदुमाधव जोशी. या माणसाने सिल्वासाच्या मुक्तीनंतर वीस वर्षांनी आणखी एक लढा उभारला. त्या लढ्यात बंदूक नव्हती, सीमा ओलांडणे नव्हते. होती तूरडाळ, साखर आणि गोडेतेल. हा लेख त्यांच्यामुळे सुचला. खरे सांगायचे तर एका चादरीमुळे सुचला.

चादरीची हकीकत आधी सांगतो. आमची आई दीड वर्षापासून अंथरुणाला खिळलेली आहे. तिला खाली सुती चादरच घाला, घाम शोषला गेला पाहिजे, असे डॉक्टरांनी बजावले होते. दमणगंगेच्या काठचा चैत्र-वैशाखातला उकाडा येथे राहणाऱ्यांना सांगायला नको. पुण्याला असलेल्या आमच्या लेकीने मोबाइलवरून आजीसाठी दोन चादरी मागवल्या. नाव होते ‘ग्लेस कॉटन’. वर साडेचार तारे आणि साडेचार हजार लोकांचे अभिप्राय. पार्सल आले, मी चादर उलगडली, आणि बोटांना लगेच शंका आली. मी २७ वर्षे सिल्वासाच्या एका सूत कारखान्यात काढली आहेत. पण लेकीला फोनवर तसे म्हणताच ती म्हणाली, “बाबा, साडेचार हजार लोकांनी चांगली म्हटली आहे.” एवढ्या लोकांपुढे माझी दोन बोटे काय टिकणार? मी गप्प बसलो. अकराव्या दिवशी आईला कुशीवर वळवताना आमच्या सौभाग्यवतींना तिच्या पाठीवर पुरळ दिसले आणि कमरेखाली लाल चट्टा दिसला. त्या एवढेच म्हणाल्या, “अहो, तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं ना?”

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी इतिहासात शिरलो. निवृत्त माणसाला दुसरे काम तरी काय!

दुसऱ्याच्या शब्दावर वस्तू घेणे ही रीत मोबाइलने आणलेली नव्हे. ती फार जुनी आहे, आणि तिचा एक धागा आपल्या या मुलखाच्या जन्मकथेतच सापडतो. १७७२ साली मराठ्यांच्या आरमाराने पोर्तुगीजांचे ‘सांताना’ नावाचे जहाज पकडले. पुढे १७७९ साली पुणे दरबार आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला. त्यात पोर्तुगीजांना दमणच्या बाजूची १२,००० रुपये वसुलाची गावे देण्याचे ठरले. १७८३ मध्ये नगर हवेली आणि १७८५ मध्ये दादरा त्यांच्याकडे गेले. आज आपण ‘बारा हजार रुपये’ वाचून पुढे जातो. त्या काळचा कोणीही व्यवहारी माणूस मात्र आधी विचारता, ‘कोणते रुपये?’ कारण रुपया म्हणून एकच नाणे नव्हते. अंकुशी होता, चांदवडी होता, सुरती होता, आणखी कितीतरी होते. प्रत्येकात चांदी निराळी, वजन निराळे. एका रुपयाचा दुसरा करायचा तर बट्टा द्यावा लागे.

म्हणून सरकारी खजिन्यावर पोतदार असे. आलेले नाणे खरे की हिणकस हे ठरवणे त्याचे काम. आज आपल्यात पोतदार आडनावाची कितीतरी घराणी आहेत. त्यांच्या पूर्वजांची बोटे आणि कान हेच त्या काळचे यंत्र होते. बाजारात हेच काम सराफ करी. नाणे दगडावर वाजवायचे, वजन करायचे, कसोटीवर घासायचे. खात्री पटली की कित्येक सराफ नाण्यावर आपला बारीक ठसा मारीत. जुन्या रुपयांवर असे ठसे आजही दिसतात. नाणेसंग्राहक त्यांना दोष मानतात, मला मात्र त्यात पुष्कळ अर्थ दिसतो. तो ठसा म्हणजे त्या काळचा ताराच म्हणायचा. ‘मी पाहिले आहे, खरे आहे.’ फरक इतकाच की ठसा मारणारा सराफ दुसऱ्या दिवशी त्याच पेढीवर, त्याच गादीवर बसलेला असे. नाणे खोटे निघाले तर ते घेऊन त्याच्यापुढे जाता येई. आपल्या ठशासाठी त्याला चारचौघांत तोंड दाखवावे लागे.

पारखीची दुसरी तऱ्हाही आपल्या बाजारांनी पाहिली आहे. जुन्या मंड्यांत सौदा रुमालाखाली होई. अडत्या आणि खरेदीदार एका कापडाखाली हात घालीत आणि बोटे दाबून भाव ठरवीत. ज्याचा माल, तो शेतकरी शेजारी उभा. त्याला कापड दिसे, आतली बोटे दिसत नसत. अडत्या नावाला त्याचा माणूस. पण उद्या, परवा आणि पुढच्या हंगामात अडत्याचा संबंध यायचा तो खरेदीदाराशी. मग बोटे कोणाच्या बाजूने दाबली जात हे सांगायला ज्योतिषी नको. वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ मध्ये कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला, १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा झाला. १९२८ साली लिनलिथगो आयोगाने नियंत्रित बाजारांची शिफारस केली, १९३९ मध्ये मुंबई प्रांताचा कायदा आला. उघड लिलावाची रीत रुजली ती अशी, तुकड्यातुकड्याने. तो रुमाल उचलायला पन्नासेक वर्षे लागली, हे लक्षात ठेवलेले बरे.

जाता जाता एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्या मुक्तीनंतर पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारतावर दावा लावला. दादरा-नगर हवेलीला जाण्या-येण्याचा हक्क मागण्यासाठी तो दावा होता. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. पोर्तुगालचे म्हणणे होते की मराठ्यांनी ही गावे सार्वभौमत्वासह दिली. न्यायाधीशांनी तहाचे निरनिराळे पाठ आणि मराठी सनदा तपासल्या, आणि मराठ्यांनी सार्वभौमत्व दिले असे त्यातून सिद्ध होत नाही, असे म्हटले. जे दिले ते वसुलाचे उत्पन्न होते. पावणेदोनशे वर्षे लोक एकमेकांना जे सांगत आले, ते बाजूला ठेवून तिथे मूळ कागद उघडावा लागला. असो.

आता १९५४ कडे येऊ. २२ जुलैला दादरा मुक्त झाले, २८ जुलैला नरोली आणि २ ऑगस्टला सिल्वासा. युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्स, आझाद गोमंतक दल, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे स्वयंसेवक, गोवन पीपल्स पार्टी असे निरनिराळ्या विचारांचे लोक त्यात होते. प्रत्येकाचे श्रेय किती, यावर अजून वाद होतात; त्यात मी पडत नाही. मला त्यातला एक बारकावा महत्त्वाचा वाटतो. वाकणकर आणि काजरेकर आधी कितीतरी वेळा या भागात येऊन गेले होते. वाटा, नद्या, चौक्या त्यांनी स्वतः पाहिल्या, येथल्या माणसांशी ओळखी केल्या. कागदावरच्या नकाशावर आणि दुसऱ्याच्या सांगण्यावर त्यांनी भिस्त ठेवली नाही. बिंदुमाधव जोशी तेव्हा पुरते पंचविशीतही नव्हते. सुधीर फडके पस्तिशीचे होते. सिल्वासाहून परतल्यावर वर्षही उलटायच्या आत, १ एप्रिल १९५५ रोजी, पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झाले.

मुक्तीनंतर सात वर्षे येथला कारभार वरिष्ठ पंचायतीने पाहिला. ११ ऑगस्ट १९६१ ला हा प्रदेश भारतात रीतसर विलीन झाला. जोशींनी पुढे आपल्या ग्राहक संघटनेला ‘पंचायत’ हेच नाव दिले. योगायोग असेल. पण सिल्वासाच्या माणसाच्या कानाला तो शब्द जरा निराळा लागतो.

मधल्या काळात देशातल्या बाजाराची काय अवस्था होती ते आपल्यापैकी साठी ओलांडलेल्यांना आठवत असेल. अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ सालचाच. कायदा आला म्हणून भेसळ गेली नाही. मिऱ्यांत पपईच्या बिया, तिखटात विटेचा भुगा, चहात वापरून वाळवलेली आणि रंगवलेली पूड, तुपात वनस्पती. १९७२ च्या दुष्काळाने आणि त्यानंतरच्या महागाईने कळस केला. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. रेशनच्या रांगेत जे मिळेल ते निमूटपणे घ्यायचे, दुकानदाराला ‘हे काय दिलेत?’ असे विचारले तर तो म्हणणार, ‘नको असेल तर ठेवा.’

अशा दिवसांत, १९७४ मध्ये, पुण्यात ग्राहक पंचायत सुरू झाली. १९७५ च्या गुढीपाडव्याला मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. जोशींच्या या कामात सुधीर फडके पुन्हा बरोबर होते. सिल्वासाला एकत्र आलेली माणसे वीस वर्षांनी किराण्यासाठी एकत्र आली, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. कदाचित डाळ-साखरेला इतिहासात जागा द्यायला आपल्याला संकोच वाटत असावा.

मुंबई ग्राहक पंचायतीची वितरणाची पद्धत मी जवळून पाहिली आहे. १९८० च्या सुमारास मी शिकायला ठाण्यास मावशीकडे राहत होतो. पद्धत साधी होती. शेजारपाजारच्या काही कुटुंबांनी मिळून एक संघ करायचा. दर महिन्याला प्रत्येकाने आपल्या गरजेची यादी भरायची, पैसे आधी द्यायचे. सगळ्या संघांच्या याद्या एकत्र झाल्या की किती क्विंटल काय लागणार ते कळे. मग माल घाऊक बाजारातून किंवा थेट उत्पादकाकडून, नमुने पाहून, एकगठ्ठा घेतला जाई. दुकान नाही, पाटी नाही, गल्ला नाही. ठरलेल्या दिवशी टेम्पो येई आणि संघातल्या एखाद्या घरी पोती उतरत. वाटप सदस्यांनीच करायचे.

मावशीच्या घरी वाटप असले की दिवाणखान्यातली खाट भिंतीला उभी केली जाई. जमिनीवर जुनी चादर, मध्ये काटा. एक काकू वजन करीत, दुसऱ्या वहीत टिपत, माझ्याकडे पिशव्यांची तोंडे धरण्याचे काम. गुळाची ढेप फोडणे ही मोठी कसरत होती, कारण मधला मऊ भाग आणि कडेचा कठीण भाग सगळ्यांना सारखा जायला हवा. मग चिमूटभर गूळ प्रत्येकीच्या जिभेवर. याची पोळी होईल का, यावर हमखास दोन मते पडत. रवा हातावर घेऊन उन्हात पाहिला जाई, तांदूळ दाताखाली चावून पाहिला जाई. “मला वाटतं जुना आहे,” “छे, नवाच आहे, शिजवून बघा,” असा वाद रंगे आणि दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटल्यावर त्याचा निकाल लागे.

पाहा, तिथेही मावशी दुसऱ्यांच्याच मतावर अवलंबून होती. मालाचा नमुना तिने स्वतः पाहिलेला नसे. तरी त्या मताला वजन होते, कारण मत देणारी बाई त्याच गोणीतली साखर आपल्या घरी नेत होती. तांदूळ जुना आहे असे म्हणणाऱ्या काकूंच्या घरी संध्याकाळी तोच भात शिजणार होता. शिवाय अशा गप्पांतून मावशीची स्वतःची बोटे तयार होत गेली. दोन-चार वर्षांत तीच इतरांना डाळ दाखवू लागली. पुढे त्या संस्थेच्या सदस्य कुटुंबांची संख्या तीस हजारांच्या वर गेली, त्याच्या मुळाशी हे दिवाणखान्यातले शिक्षण असावे असे मला वाटते.

त्या काळी ग्राहक चळवळीतल्या कार्यकर्त्या घरगुती परीक्षाही दाखवीत. मिरी पाण्यात टाका, पपईचे बी तरंगेल. तिखट पाण्यात सोडा, विटेचा भुगा तळाशी बसेल. चहाची पूड ओल्या टिपकागदावर पसरा, रंग लावलेला असेल तर डाग उमटेल. मुंबईत १९६६ पासून कन्झ्युमर गायडन्स सोसायटी काम करीत होती. आपल्या शेजारी अहमदाबादेत १९७८ मध्ये ग्राहक शिक्षण आणि संशोधन केंद्र निघाले. वस्तूंच्या तुलनात्मक चाचण्या करून ते निकाल छापू लागले. अमेरिकेत हे काम १९३६ पासून एक संस्था करीत आली आहे. ती प्रत्येक वस्तू साध्या गिऱ्हाइकासारखी दुकानातून स्वतःच्या पैशाने विकत घेते आणि उत्पादकांच्या जाहिराती छापत नाही. पैसे कोणाचे, हा प्रश्न तिने पहिल्याच दिवशी सोडवला.

सरकारी शिक्क्यांचा इतिहास थोडक्यात आटोपतो. कृषिमालासाठी ॲगमार्कचा कायदा १९३७ चा, आयएसआयची खूण पन्नासच्या दशकातली, सोन्याचे हॉलमार्क २००० पासूनचे आणि २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचे. त्यातली वनस्पती तुपाची युक्ती मला फार आवडते. डालडा तुपात मिसळला तर ओळखायचा कसा? सरकारने नियम केला की वनस्पतीत ठराविक प्रमाणात तिळाचे तेल घालायचेच. मग संशयित तुपावर प्रयोगशाळेत दोन रसायने घातली की तिळाच्या तेलामुळे लाल रंग येतो आणि चोरी उघडी पडते. शिक्क्यावर विश्वास ठेवा असे नुसते सांगण्यापेक्षा खोटेपणा पकडण्याची सोय वस्तूतच करून ठेवणे हे किती शहाणपणाचे!

१९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली तो २४ डिसेंबर राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतात. जोशी २०१५ मध्ये पुण्यात वारले. तोवर मोबाइलवरची खरेदी घराघरांत शिरली होती.

या खरेदीत ग्राहकाचा हात काढून घेतला गेला. वास नाही, स्पर्श नाही, वजन नाही. उरले फक्त चित्र आणि दुसऱ्यांचे अभिप्राय. आणि अभिप्रायालाच एवढी किंमत आली की त्याचाच बाजार भरला. ‘पाच तारे द्या, पैसे परत मिळवा’ अशा चिठ्ठ्या पार्सलातून येऊ लागल्या. २०२२ च्या जुलैमध्ये ॲमेझॉनने अमेरिकेत दावा लावला तो फेसबुकवरच्या दहा हजारांहून अधिक गटांच्या चालकांवर. पैसे किंवा वस्तू देऊन खोटे अभिप्राय लिहवून घेण्याचा धंदा त्या गटांत चालत असल्याचा आरोप होता. अमेरिकी सरकारने खोट्या अभिप्रायांविरुद्धचा नियम ऑक्टोबर २०२४ पासून लागू केला. आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक काढले. अभिप्राय देणारा खरा माणूस आहे का ते पाहावे, विकत घेतलेले अभिप्राय छापू नयेत, अशा त्यातल्या अपेक्षा आहेत. मानक निघाले ते ऐच्छिक म्हणून. म्हणजे रुमाल उचलायचा की नाही, ते अजून रुमालवाल्यावरच सोपवलेले.

सगळे अभिप्राय खोटे असतात असे मी म्हणत नाही. आमच्या विहिरीचा पंप घेताना मला त्यांचा उपयोग झाला. कमी दाबाच्या विजेवर अमुक पंप चालू होत नाही, असे तिघांनी आपापल्या गावचा अनुभव देऊन लिहिले होते. वस्तू वापरली आहे आणि कुठे अडली आहे, हे त्यांच्या शब्दांतून दिसत होते. ‘मस्त’, ‘छान’, ‘पैसा वसूल’ असे लिहिणाऱ्या शंभरांपेक्षा मी त्या तिघांचे ऐकले. चादरीच्या वेळी मात्र मी आकडा मोजला, शब्द वाचले नाहीत. नंतर चष्मा लावून वाचले. निम्म्याहून अधिक लोकांनी रंग आणि नक्षी वाखाणली होती. पुष्कळांनी पार्सल उघडल्याच्या दिवशीच लिहिले होते. त्या चादरीवर उन्हाळ्यात कोणी आजारी माणूस अकरा दिवस झोपला होता की नाही, हे त्या साडेचार हजारांत कुठेच नव्हते. विक्रेत्याच्या वर्णनात अगदी खाली, बारीक अक्षरांत, ‘कॉटन फील’ असे शब्द होते.

आणि इथे माझाच धंदा माझ्यापुढे उभा राहिला. १९६५ च्या सुमारास पिपरियाला सहकारी औद्योगिक वसाहत निघाली, पुढे करसवलती मिळाल्या आणि सिल्वासा पॉलिएस्टर सुताचे मोठे केंद्र झाले. खानदेशातून, ठाणे-नाशिकहून आमच्यासारखे लोक इथे आले ते त्यामुळेच. आमच्या कारखान्यात गुळगुळीत, चपटा पॉलिएस्टर धागा येई. त्याला तापवून, ताणून, पीळ देऊन पुन्हा सोडले की तो कुरळा होतो, फुगतो, हाताला सुतासारखा मऊ लागतो. त्याला आम्ही टेक्स्चराइज्ड यार्न म्हणायचो. लोकांच्या बोटांना सुताचा भास व्हावा, यासाठी मी २७ वर्षे पगार घेतला. त्यात फसवणूक नव्हती, पेटीवर पॉलिएस्टर असेच छापलेले असे. पण अशा धाग्यापुढे नुसत्या स्पर्शाची पारख कच्ची पडू शकते हे मला इतरांपेक्षा अधिक ठाऊक असायला हवे होते. शंका आली होती, तर पुढची परीक्षा करायला एक मिनिट पुरे होते.

ती परीक्षा मी अकराव्या दिवशी केली. चादरीच्या कडेचा एक धागा ओढला, चिमट्यात धरला, खाली स्टीलची ताटली ठेवली आणि काडी लावली. सुती धागा जळताना कागद जळल्यासारखा वास येतो आणि मागे मऊ राख उरते, बोटाने चुरडली की नाहीशी होते. हा धागा ज्योतीपासून आखडून मागे सरकला, वितळला आणि टोकाशी काळा, कठीण मणी झाला. सौभाग्यवतींनी तो मणी नखाने दाबून पाहिला आणि न बोलता चादर आईच्या खालून काढली. त्या रात्री आईला माझी जुनी धोतरे चौपदरी घालून झोपवले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे बाजारात एका जुन्या गुजराती कापडवाल्याकडे गेलो. मोठ्या पन्ह्याचे पांढरे सुती कापड मागितले. त्याने ताका उलगडला आणि आमच्याकडे सरकवून सवयीने म्हणाला, “जोईने लेजो, बेन.” सौभाग्यवतींनी कडेचा धागा ओढला. त्याने काही न विचारता गल्ल्यातून काड्यापेटी काढून पुढे केली. धागा भुरूभुरू जळला आणि राख काउंटरवर पडली. त्याने ती फुंकून टाकली आणि मीटरपट्टी उचलली.

पाठीवरचे पुरळ आठवड्याभरात गेले. चट्टा बुजायला महिना लागला; रोज कूस बदलणे, कोरडे ठेवणे हे सगळे चालूच होते. लेकीला आम्ही लगेच काही सांगितले नाही. सुट्टीत आली तेव्हा तिनेच चादरीची चौकशी केली, आणि मग तिला मणी दाखवला. मी तो औषधाच्या डबीत जपून ठेवला होता. ती बराच वेळ आजीजवळ बसली. रात्री मोबाइल घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, “बाबा, मी तिथे लिहिते. नेमकं काय लिहू?” मी सांगितले, धागा जळाला कसा ते लिही, आणि आजी किती दिवस त्यावर झोपली ते लिही. तिने तसेच लिहिले, एक तारा दिला, खाली ताटलीतल्या मण्याचे छायाचित्र जोडले. आठवड्याने आम्ही दोघांनी ते शोधून पाहिले. साडेचार हजारांत ते कुठे गेले, आम्हाला सापडले नाही.